उसण भरल्यावर मिळणारी गोळी : स्नायू सैल करणारी औषधे जपून कशी घ्यावीत

नाशिकमधल्या अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात पाळीभर उभे राहून माल उचलणाऱ्या कामगाराची कंबर धरते, निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत मंडपाखाली दिवसभर मान वर करून छाटणी आणि विरळणी करणाऱ्या बाईची मान आखडते, आणि कॉलेज रोडवरच्या कचेरीत तासन्‌तास संगणकासमोर बसणाऱ्याला एखाद्या सकाळी चपला घालायला वाकताना उसण भरते. तिघेही दवाखान्यात जातात आणि दुखण्याची गोळी घेऊन घरी येतात. त्या गोळीत वेदनाशामक असतेच, पण पुष्कळदा त्याच्या जोडीला स्नायू सैल करणारे, म्हणजे मसल रिलॅक्संट प्रकारातले आणखी एक औषध असते, याची कल्पना बहुतेकांना नसते. हे दुसरे औषध थेट कंबरेवर किंवा मानेवर काम करत नाही. ते मुख्यतः मेंदूवर आणि मज्जारज्जूवर काम करते. गोळी घेऊन गाडी चालवू नये, दारू घेऊ नये, म्हाताऱ्या माणसाला जपून द्यावी, अशा ज्या सूचना डॉक्टर घाईघाईत सांगतात, त्यांतल्या बऱ्याचशा या एका गोष्टीतून निघतात.

आधी स्नायू आखडतो कसा ते पाहू. ओझे वेडेवाकडे उचलल्यामुळे पाठीतल्या एखाद्या स्नायूला, अस्थिबंधाला किंवा सांध्याला इजा झाली, की वेदनेचा निरोप मज्जारज्जूपर्यंत पोचतो आणि दुखावलेला भाग हलू नये म्हणून आजूबाजूच्या स्नायूंना आवळून धरण्याचा हुकूम सुटतो. हा शरीराचा बचावच असतो, पण फार वेळ आवळून राहिलेला स्नायू स्वतःच दुखू लागतो आणि त्या दुखण्याने आणखी आवळतो. गोळी हे चक्र सैल करू पाहते. मात्र पाठीतला आखडलेला स्नायू तेवढा हुडकून काढण्याची सोय तिच्यात नाही. ती मज्जासंस्थेतल्या संदेशांचाच जोर कमी करते, आणि त्याबरोबर माणसाची तरतरी, तोल आणि चटकन प्रतिसाद देण्याची क्षमताही कमी होते. काही औषधांच्या बाबतीत रुग्णाला वाटणारा आराम किती स्नायू सैल झाल्याचा आणि किती नुसत्या गुंगीचा, हे नेमके वेगळे काढता आलेले नाही. (शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ स्नायू पूर्ण ढिले पाडण्यासाठी जी इंजेक्शने देतात ती अगदी वेगळी औषधे आहेत. त्यांचा इथे संबंध नाही.)

या गोळ्या दोन वेगळ्या दुखण्यांसाठी दिल्या जातात आणि त्यांची गल्लत करून चालत नाही. पहिले दुखणे म्हणजे उसण, लचक, मान आखडणे. ते बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप ओसरते, आणि त्यासाठी क्लोरझोक्साझोन, थायोकोल्चिकोसाइड, मेथोकार्बामॉल, टॉलपेरिसोन किंवा कमी मात्रेत टिझानिडीन दिले जाते. दुसरे म्हणजे पक्षाघात, मज्जारज्जूची इजा किंवा सेरेब्रल पाल्सी यांमुळे हातापायांत कायमचा आलेला ताठरपणा, ज्यासाठी बॅक्लोफेन आणि टिझानिडीन महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे घ्यावे लागते. उसण भरलेल्याने लवकर थांबायचे असते, तर ताठरपणाच्या रुग्णाने स्वतःच्या मनाने कधीच थांबायचे नसते. शेजारच्या आजोबांना बॅक्लोफेन लागू पडले म्हणून आपल्या कंबरेसाठी त्यांच्यातल्या दोन गोळ्या मागून आणणे म्हणूनच चुकीचे आहे.

आता गोळीचे पाकीट हातात घेऊन पाहा. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत कंपनीने दिलेले नाव असते आणि त्याच्या शेवटी बहुधा एक शेपूट असते : एमआर, टीएच, एसपी. मूळ नाव तेच राहते आणि शेपूट बदलले की औषध बदलते. टीएच असेल तर बहुधा थायोकोल्चिकोसाइड असते. एसपी असेल तर बहुधा सूज उतरवण्यासाठीचे सेराटिओपेप्टिडेज असते, म्हणजे स्नायू सैल करणारे काहीच नसते. आणि एमआर असेल तर एका कंपनीच्या गोळीत टिझानिडीन, तर दुसऱ्या कंपनीच्या गोळीत क्लोरझोक्साझोन असू शकते. म्हणून नावावर न जाता बारीक अक्षरांतले घटक वाचावेत. आपल्याकडे फार खपणारे एक त्रिकूट म्हणजे एसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम आणि क्लोरझोक्साझोन २५० मिलिग्रॅम. पाकिटावरची उभी लाल रेघ आणि ‘शेड्यूल एच’ हे शब्द असे सांगतात, की हे औषध नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाही. प्रत्यक्षात मेडिकलच्या काउंटरवर काय चालते ते सगळ्यांना ठाऊक आहे. “भाऊ, कंबर धरलीय, काहीतरी जालीम द्या,” असे म्हणायचा अवकाश, की समोरून “मागच्या वेळची तीच देऊ का?” असे विचारले जाते आणि दहाच्या पाकिटातून चार गोळ्या कात्रीने कापून हातावर पडतात. त्या कापलेल्या तुकड्यावर कधी घटकांची नावे नसतात, कधी वापरण्याची मुदत नसते. मुदतीची तारीख असलेला भाग मागून घ्यावा, किंवा निदान पूर्ण पाकिटाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर “पांढरी लांबट गोळी होती” या वर्णनापेक्षा तो फोटो कितीतरी उपयोगी पडतो.

घटक वाचण्याचा दुसरा फायदा म्हणजे एकच औषध दोनदा पोटात जात नाही. समजा, त्रिकुटाच्या गोळ्या दिवसातून तीन वेळा चालू आहेत आणि त्यातच ताप आला म्हणून कोणी पॅरासिटामॉल ६५० च्या चार गोळ्या घेतल्या. दोन्ही मिळून दिवसाकाठी ३५७५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल झाले. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा साधारणपणे ४००० मिलिग्रॅम मानतात. यकृत अशक्त असलेल्यांसाठी आणि रोज दारू घेणाऱ्यांसाठी ती याहून बरीच कमी आहे. त्रिकुटातले एसिक्लोफेनॅक चालू असताना वरून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेणे त्याहून वाईट, कारण त्याने दुखणे दुपटीने कमी होत नाही, मात्र जठराला व्रण होण्याची आणि मूत्रपिंडाला इजा होण्याची शक्यता वाढते.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. ताप आला, अंग मोडून आले, कंबर आणि सांधे ठणकू लागले, म्हणून घरात उरलेली पाठीची गोळी घेऊ नये. तो डेंग्यू असू शकतो, आणि डेंग्यूत एसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. रक्ततपासणी होऊन डॉक्टरांनी काही वेगळे सांगेपर्यंत नुसते पॅरासिटामॉल घ्यावे.

या गोळीचा उपयोग नेमका किती होतो, हा प्रश्न रुग्ण क्वचितच विचारतात, पण तो विचारण्याजोगा आहे. कंबरदुखीवर स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा कितपत परिणाम होतो, याबद्दलच्या ३१ चाचण्यांचा एकत्रित आढावा ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वेदना ० ते १०० अशी मोजली, तर पहिल्या दोन आठवड्यांत या औषधांनी ती सरासरी आठेक गुणांनी कमी झालेली दिसली. हा फरक रुग्णाला जाणवेल इतका मोठा नाही असे संशोधकांनी म्हटले, शिवाय उपलब्ध पुरावाच कच्चा असल्याचे नोंदवले. माझ्या मते याचा अर्थ गोळी निरुपयोगी आहे असा नाही. दुखण्यामुळे रात्रभर डोळ्याला डोळा लागत नसेल, तर दोन-चार रात्री तिचा आधार मिळतो, आणि तेवढ्यापुरती ती घ्यायला हरकत नाही. पण पंधरा दिवस घेतली म्हणजे दुखणे मुळापासून जाईल, ही आशा तिच्याकडून ठेवू नये. शेक, जमेल तेवढे चालणे-फिरणे आणि दुखणे उतरू लागल्यावर फिजिओथेरपिस्टकडून शिकलेले व्यायाम यांचा वाटा मोठा आहे. दिवसचे दिवस अंथरुणाला खिळून राहिल्याने कंबर सुधारत नाही, उलट आणखी आखडते. शेकाबद्दल एक सावधगिरी मात्र बाळगावी. गोळी घेऊन गरम पाण्याची पिशवी किंवा विजेवरचा पॅड पाठीखाली तसाच ठेवून झोपू नये, कारण गुंगीत चटका जाणवत नाही आणि सकाळी पाठीवर फोड आलेले दिसतात.

गुंगी हा या औषधांचा सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम आहे, आणि अपघात त्यातूनच होतात. टिझानिडीनचा जोर गोळी घेतल्यावर साधारण एक ते दोन तासांत सर्वाधिक असतो आणि परिणाम तीन ते सहा तासांत ओसरतो. पण हा झाला सरासरी हिशेब. वय, यकृत, मूत्रपिंड आणि बरोबरची औषधे यांप्रमाणे तो बदलतो. शिवाय गुंगी आलेल्या माणसाला आपल्याला गुंगी आली आहे हे नेहमी कळतेच असे नाही. म्हणून पहिली गोळी रात्री, घरी आणि झोपण्यापूर्वी घ्यावी, असे डॉक्टरांशी बोलून ठरवून घ्यावे, आणि तिचा आपल्यावर काय परिणाम होतो हे कळेपर्यंत दुचाकीला किल्ली लावू नये. रात्री मालट्रक घेऊन कसारा घाट उतरणारा चालक, समृद्धी महामार्गाच्या सरळसोट रस्त्यावर तासन्‌तास गाडी हाकणारा माणूस, प्रेस मशिनवर किंवा लेथवर हात चालवणारा कामगार, बागेत ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर चालवणारा शेतकरी, यांनी आपण काय काम करतो हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगितले पाहिजे. मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ फक्त दारूपुरते नाही. एखाद्या औषधाच्या अमलाखाली गाडीवर नीट ताबा ठेवता येत नसेल, तर तेही त्यात येते. कामावरून रजा मिळत नाही ही अडचण खरी आहे, आणि म्हणूनच ती डॉक्टरांच्या कानावर घालावी. स्नायू सैल करणारा घटक गाळून नुसते वेदनाशामक देणे पुष्कळदा शक्य असते.

दारूबद्दल थोडक्यात सांगायचे तर गोळ्या चालू असेपर्यंत ती पूर्ण बंद ठेवावी, आणि नाशिकच्या पाहुणचारात दिली जाणारी वाइन ही दारूच असते. झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलमसारखी चिंतेवरची औषधे, ट्रॅमॅडॉल हे तीव्र वेदनाशामक, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, सायटिकासाठी दिले जाणारे प्रीगाबालिन, एवढेच काय सर्दीवरची सेटिरिझिन, या सगळ्यांची गुंगी या गोळीच्या गुंगीत भर घालते. ट्रॅमॅडॉल किंवा कोडीनसारख्या औषधांबरोबर मोठी मात्रा झाली तर श्वास मंदावण्यापर्यंत वेळ येऊ शकते. माणूस हाका मारूनही जागा होत नसेल, श्वास संथ किंवा घोरल्यासारखा झाला असेल, तर ‘झोपू द्या, थकलाय’ असे न म्हणता १०८ ला फोन करावा. कॅरिसोप्रोडॉल हे याच कुळातले एक औषध नशेसाठी वापरले जाऊ लागले, तेव्हा युरोपच्या औषध नियामकाने २००७ मध्ये ते बाजारातून काढण्याचा सल्ला दिला, आणि टॅपेंटॅडॉल या तीव्र वेदनाशामकाबरोबरच्या त्याच्या मिश्रणाची निर्यात भारतानेही २०२५ मध्ये थांबवली.

टिझानिडीनबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. या औषधाने रक्तदाब उतरतो. बसल्या जागेवरून झटकन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, घेरी येणे, तोंडाला कोरड पडणे ही त्याची ओळखीची लक्षणे आहेत. ज्यांना आधीच रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, किंवा प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू आहे, त्यांच्यात हा उतार अधिक जाणवतो. यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिनशी असलेले त्याचे वैर. यकृतातले जे विकर (एन्झाइम) टिझानिडीनचा निकाल लावते, त्याचे काम सिप्रोफ्लॉक्सासिन अडवून धरते. निरोगी स्वयंसेवकांवरच्या एका प्रयोगात या जोडीमुळे शरीराला मिळणाऱ्या टिझानिडीनचे प्रमाण सरासरी १० पट झाले होते, आणि फ्लुवोक्सामिन या मानसोपचारातल्या औषधाबरोबर ते ३३ पटींपर्यंत गेले. ही दोन्ही औषधे टिझानिडीनबरोबर घेण्यास स्पष्ट मनाई आहे. हा प्रसंग घडतो कसा, तर अगदी साध्या रीतीने : सोमवारी कंबरेसाठी एका डॉक्टरांची चिठ्ठी, बुधवारी लघवीला जळजळ म्हणून घराजवळच्या दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी, आणि दोघांपैकी कोणालाच दुसरीचा पत्ता नाही. दोन मात्रा साध्या, दोन औषधे ओळखीची, आणि रुग्ण रात्री न्हाणीघरात कोसळतो. कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांनीही टिझानिडीनचे प्रमाण वाढते, त्यामुळे त्या चालू असतील तर तेही सांगावे. ही बाब नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर सांगायचा संकोच वाटत असेल, तर डॉक्टरांशी एकटीने बोलण्याची मागणी करता येते.

साठी-पासष्टी ओलांडलेल्यांबाबत जगभरचे तज्ज्ञ हात आखडता घ्या असेच सांगतात. क्लोरझोक्साझोन आणि मेथोकार्बामॉलसह या वर्गातली बरीच औषधे ६५ वर्षांवरील व्यक्तींना शक्यतो देऊ नयेत, अशी अमेरिकेतल्या वृद्धवैद्यक संघटनेची शिफारस आहे. कारण सरळ आहे. रात्री लघवीला उठलेले माणूस गुंगीत अडखळते, खुब्याचे हाड मोडते, आणि चार दिवसांच्या कंबरदुखीचे महिनोन्‌महिन्यांचे अंथरूण होते. गोळी द्यावीच लागली, तर पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर दिवा असावा, वाटेतल्या सतरंज्या आणि पायपुसणी उचलून ठेवावीत, आणि उठण्याआधी दोन मिनिटे काठावर बसून मग उभे राहण्याची सवय लावावी.

थायोकोल्चिकोसाइडबाबत युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये कडक मर्यादा घातल्या. या औषधाचे शरीरात जे रूपांतर होते, त्यामुळे विभागणाऱ्या पेशींतल्या गुणसूत्रांची संख्या बिघडू शकते, असे प्रयोगांत दिसले होते. तेव्हापासूनचा नियम असा, की तोंडावाटे जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅम दर १२ तासांनी आणि तेही ७ दिवसांपलीकडे नाही. सुईने ४ मिलिग्रॅम दर १२ तासांनी, ५ दिवसांपलीकडे नाही. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि १६ वर्षांखालील मुले यांना ते देऊच नये. मूल होण्याच्या वयातल्या आणि गर्भनिरोधन न करणाऱ्या स्त्रियांनाही नाही. पाळी चुकली असल्यास ते चिठ्ठी लिहिण्याआधी सांगणे म्हणूनच आवश्यक आहे. फेपरे येण्याचा इतिहास असलेल्यांनीही हे औषध टाळावे. याची सुई घेतल्यावर काही जणांना काही मिनिटांतच चक्कर येते, तेव्हा सुई टोचून लगेच बाहेर पडण्यापेक्षा दवाखान्याच्या बाकावर थोडा वेळ बसून राहावे.

क्लोरझोक्साझोनने क्वचित लघवीला नारिंगी किंवा लालसर रंग येतो. एवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. पण डोळे पिवळे दिसणे, लघवी चहासारखी गडद होणे, अंगाला खाज सुटणे, अन्नावरची वासना उडणे अशी लक्षणे दिसली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. या औषधाने यकृताला गंभीर इजा झाल्याची उदाहरणे विरळ असली तरी नोंदलेली आहेत. टिझानिडीन लांबणार असेल तर सुरुवातीला आणि महिन्याभराने यकृताच्या चाचण्या करून घेतात.

बॅक्लोफेनची गोष्ट वेगळी आहे. त्याचा मोठा भाग मूत्रपिंडांवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो, त्यामुळे ज्यांची मूत्रपिंडे अशक्त आहेत, विशेषतः जे डायलिसिसवर आहेत, त्यांच्या शरीरात ते साठून राहते आणि थोड्याशा मात्रेनेही भ्रम, असंबद्ध बडबड किंवा बेशुद्धी येऊ शकते. आणि दीर्घकाळ चालू असलेले बॅक्लोफेन एकाएकी बंद केले तर फेपरे येऊ शकतात, भास होऊ शकतात, ताठरपणा दुपटीने परततो. मोठ्या मात्रेतले टिझानिडीन अचानक सोडल्यास रक्तदाब उसळी घेतो. पक्षाघाताचा रुग्ण घरात असेल तर पाकिटात आठवड्याच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढची तजवीज करावी. सणासुदीला गावी जाताना गोळ्या सोबत आहेत की नाही हे पाहण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे असले तर बरे. मात्रा कमी करायची असेल तेव्हा डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने उतरवतात. एखादी वेळ चुकलीच, तर पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.

काही दुखणी स्नायूंची वाटतात पण असत नाहीत, आणि गोळीने ती झाकली जातात. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, लघवी तुंबली, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पायातली शक्ती कमी होत चालली, तर तासाभराचाही विलंब न करता मोठ्या रुग्णालयात जावे, कारण मणक्याच्या खालच्या भागातल्या नसा दबल्या गेल्याची ती खूण असू शकते आणि उशीर झाल्यास ते नुकसान भरून येत नाही. ताप आणि पाठदुखी एकत्र असणे, वजन आपोआप घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, म्हाताऱ्या माणसाचे पडणे, किंवा रात्री विश्रांतीतही वाढणारे दुखणे, यांपैकी काहीही असेल तर गोळ्यांचे दुसरे पाकीट सुरू करण्याआधी तपासणी व्हायला हवी. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजूनही आढळतो, आणि तो कित्येक महिने साध्या पाठदुखीच्या रूपात वावरतो.

उसण उतरली की गोळ्या थांबवाव्यात. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी आराम पडला, तर उरलेल्या संपवल्याच पाहिजेत असे नाही. हा नियम प्रतिजैविकांचा आहे, या गोळ्यांचा नाही. ज्यांना बॅक्लोफेन किंवा टिझानिडीन दीर्घकाळ चालू आहे त्यांना मात्र हे लागू नाही, हे वर आलेच आहे. उरलेल्या गोळ्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी, मूळ पाकिटातच ठेवाव्यात आणि मुदत उलटल्यावर टाकून द्याव्यात. त्याआधी पुन्हा कधी कंबर धरली, तर त्या घेण्यापूर्वी गेल्या वेळेनंतर आपल्याला कोणते नवे औषध सुरू झाले आहे, हे डॉक्टरांना सांगून विचारून घ्यावे.